जजसाहेब केव्हा विचारणार?

सरकारी वकिलांचे प्रश्न सात मिनिटांत संपले. पिशवी तुमचीच का? पंचगंगा घाटावरून चोरीला गेली का? तक्रारीवर सही तुमची का? साक्षीदार फ्रेंच बाई तिन्ही वेळा हो म्हणाल्या. मग जजकडे बघत पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

माझा अशील रामधनी, त्याच घाटावरचा नावाडी. पिशवी त्याच्या नावेत सापडली. जामीनदार मिळाला नाही, म्हणून पाच महिने तुरुंगात. चोरामागे धावून आपण ती परत आणली, असं तो सांगत होता. पण आरोपी असंच सांगतात. चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला, त्याला तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते.

आता उलटतपासणी, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला मी प्रश्न विचारायचे. धंद्याचा नियम असा की, साक्षीदार काय म्हणेल हे माहीत नसेल तर विचारू नये. एका चुकीच्या प्रश्नाने अशील आत जातो.

सरकारी वकील फाईल बांधत इथल्या हिंदीत म्हणाले, "पूछिएगा, कि घर जाएँ?"

मला सकाळचं बोलणं आठवलं. दुभाषी लेलेबाई, दूधविनायक मोहल्ल्यातल्या, फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका, मला व्हरांड्यात म्हणाल्या होत्या, "ही विचारते, जजसाहेब मला केव्हा विचारणार?"

"जज नाही, वकील विचारतात."

"तिच्या देशात जजच फाईल वाचून सगळं विचारतात म्हणे. मी समजावलं, पण तिला काही पटत नाही."

फ्रेंच बाई साक्षीत काय सांगणार, हे लेलेबाई बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. दुभाष्याला ते विचारायचं नसतं.

फ्रेंच बाई पिंजऱ्यातून अजून जजकडेच बघत होत्या. ज्याला आणखी सांगायचं नसतं, तो साक्षीदार खाली उतरतो. मी उठलो.

"पिशवी कोणी ओढली, ते तुम्ही पाहिलं?"

लेलेबाईंनी उत्तर सावकाश सांगितलं. "पाहिलं. तो दुसरा होता. हा त्याच्यामागे धावला. चौकीत मी हेच सांगितलं होतं."

चौकीत तक्रार हिंदीत लिहिली गेली होती. बाईंना हिंदी येत नव्हती. धावण्याचा भाग त्यात नव्हता.

पुढच्या महिन्यात रामधनी सुटला.

आपल्या जजनाही कायद्याने हवा तो प्रश्न विचारता येतो. बहुधा ते विचारत नाहीत, आणि न विचारलेलं उत्तर पुराव्यात येत नाही. आता साक्षीदार परदेशी असला की, मी दुभाष्याला आधी एवढंच विचारतो: त्यांच्या देशात कोर्टात प्रश्न कोण विचारतं?