रिकामी कांडी

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा तो मोटरसायकलवर येतो. मागे नायट्रोजनचा कॅन, त्यात वळूचं वीर्य भरलेल्या बारीक कांड्या. गाय दूध किती देते, हे तो कधीच विचारत नाही. तिला अंगणात चालवायला लावतो आणि मागून खुरं पाहतो.

"भाऊ, दूध थोडं कमी भेटन, पण पायानं मजबूत वासरू येईन. दहा वेतं देईन."

आमची आधीची गाय चौथ्या वेतातच पायांनी बसली, म्हणून त्याचं बोलणं पटतं. पण दहा वेतं पडताळायला बारा-तेरा वर्षं लागणार. शिवाय वळूचा नंबर कांडीवर छापलेला असतो, आणि रिकामी कांडी तो न चुकता खिशात टाकतो. या वेळी मी कांडी वापरण्याआधीच पाहायला मागितली.

"काऊन? गाय फळवाची आहे का कांडी वाचाची आहे?" त्याने कॅनचं झाकण लावलं. "भरोसा नाई तं दुसऱ्याले बोलवा."

दुसरा गडचिरोलीहून येईपर्यंत माज उतरला असता. मी बाजूला झालो.

नऊ महिन्यांनी कालवड झाली. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा घरचे तिचं तोंड पाहत होते, मी खुरं. पाय सरळ आहेत. कोणाचे आहेत, ते मात्र त्याच्या खिशात गेलं.