खोड आधी सांगायची

चाळिसाव्या पोत्यातही मीटरने पंधराचा आकडा दाखवला, तेव्हा रशीदभाई कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर चहा घेत होते. म्हणजे माझ्याकडे फार तर वीस मिनिटे होती.

मी शेतकऱ्यांच्या एका कंपनीत हळदीची गुणवत्ता तपासते. मॉइश्चर मीटर म्हणजे मालात किती टक्के ओलावा आहे हे सांगणारे यंत्र. हळदीत तो दहाच्या आसपास हवा; पंधरावर गेला तर साठवणीत बुरशी धरते. आदल्या दिवशी तपासलेली दीडशे पोती उत्तम निघाली होती. आज सकाळची ही चाळीस मात्र ओली. तीस शेतकऱ्यांनी प्रथमच एकत्र विकायला काढलेला हा माल होता. नांदेडचे व्यापारी रशीदभाई तो नाकारून गेले असते, तर ही तीस घरे पुन्हा एकत्र आली नसती.

मॅनेजर कदम सरांना उपाय लगेच सापडला. "मॅडम, सॅम्पल कोरड्या पोत्यांतलं ठेवा. ओल्यांचा विषयच काढू नका. याला ब्लफ म्हणतात. बिझनेस असाच चालतो."

"सर, हा ब्लफ नव्हे. ही फसवणूक आहे."

"फरक काय?"

उत्तर आमचे अध्यक्ष भावसिंगकाका यांनी दिले. काका तांड्यावरचे, त्यांचे आजोबा बैलांचा व्यापार करीत.

"फरक हाय की, सर. बैल विकताना खोड आधी सांगायची. मारका हाय तर मारका. पण कितीला सोडणार, हे बायकोलाबी सांगायचं न्हाई." मग त्यांनी त्याच चाळिसांतले एक हळकुंड कानाजवळ मोडले. "पोरी, ही तर खणखणीत वाजून राहिली. ओली काहून म्हणतेस?"

"काका, आवाज हे मोजमाप नव्हे," मी माझ्या एम.एस्सी.ला शोभेल अशा स्वरात म्हणाले.

रशीदभाई आले. मी सरळ सांगितले: चाळीस पोत्यांत ओलावा जास्त आहे, ती वेगळी काढली आहेत. कदम सर छताकडे पाहू लागले.

रशीदभाईंनी त्या थप्पीतले एक हळकुंड मोडले. दुसरे मोडले. तिसरे मोडून त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मीटरकडे.

"मॅडम, ये मशीन हळद पे है, के सोयाबीन पे?"

या यंत्रात प्रत्येक पिकाचे सेटिंग निराळे असते. सकाळी एक सभासद सोयाबीन तपासून गेले होते. पडद्यावर तसे स्वच्छ लिहिलेले होते. मी फक्त आकडे वाचत होते. सेटिंग बदलून पुन्हा मोजले. दहा.

काका इतके हसले, की त्यांना पोत्यावर बसावे लागले. "अरे, खोड मालात न्हाई, मशिनीत हाय!"

"रशीदभाई," मी ओशाळून म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता, तर चाळीस पोती स्वस्तात मिळाली असती."

"आपने अपनी खोड बताई, हमने मशीन की. बराबर हो गया." मग त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "अब रेट की बात. वाशिम की पार्टी इससे बहुत कम में दे रही है."

"मंग घ्या की तिच्याकडून," काका शांतपणे म्हणाले. "आमचीबी अकोल्याची पार्टी निघाली हाय. पोचलच आता."

अकोल्याची पार्टी नव्हती. वाशिमचीही नसावी. दोघांनाही हे ठाऊक होते, आणि दोघेही कमालीचे खुशीत होते. तासभर हा खेळ रंगला. शेवटी सगळी पोती एकाच भावाने, एकाच ट्रकमध्ये रवाना झाली. पुढच्या मालाची तारीखही रशीदभाईंनीच मागितली.

कदम सरांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. भाव हा मनातला आकडा. तो झाकता येतो. ओलावा हा पोत्यातला आकडा; तो झाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र प्रामाणिक असणे आणि बरोबर असणे या दोन स्वतंत्र चाचण्या आहेत, आणि मी एकीतच उत्तीर्ण झाले होते. म्हणून मीटरवर मी चिठ्ठी चिकटवली: 'खरे बोलण्यापूर्वी सेटिंग पाहावे.'

दुसऱ्या दिवशी तिच्याखाली काकांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'आन् एक हळकुंड मोडावं.'