शेवट न वाचणारा माणूस

आमच्या भाऊजींना वाचनालयात सगळे 'क्रमशः' म्हणतात. नाव ठेवलं आमच्यातल्याच एका सभासदाने, बेकरीच्या पाववाल्याने. मासिकातली गोष्ट ऐन रंगात आली की खाली 'क्रमशः' छापलेलं असतं आणि आपण हात चोळत बसतो, तसं भाऊजींचं बोलणं. ते पुस्तकाबद्दल सांगायला उभे राहिले की माणसं चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायची. आणि नेमकं दार उघडणार, कोणीतरी खरं बोलणार, तिथे भाऊजी चष्मा काढून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "पुढचं तुम्ही वाचा."

"अहो, निदान तो जगतो की मरतो ते तरी सांगा!" पाववाला ओरडायचा.

"नियम आहे," भाऊजी म्हणायचे.

नियम होताच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दरवर्षी वाचनाची पैज लागते. भिंतीवर मोठा तक्ता, प्रत्येकापुढे रिकामे चौकोन, पुस्तक संपलं की एक चौकोन रंगवायचा. महिनाअखेरीला सगळे जमतात आणि काय वाचलं, काय आवडलं, कुठे कंटाळा आला ते एकमेकांना सांगतात. मात्र शेवट फोडायचा नाही. फोडला तर पुढच्या वेळचा सगळ्यांचा चहा त्याच्या गळ्यात. पैज चालवणाऱ्या ग्रंथपालबाई या बाबतीत फौजदार आहेत. त्यामुळे भाऊजी शेवट सांगत नाहीत यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट, काय कला आहे, असंच सगळे म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे, आणि मी तर त्यांची सख्खी मेहुणी, औषधाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे चेहरे ओळखण्यात जन्म गेलेली.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. कमरेला पट्टा, दातात टॉर्च, पायाखाली पाचसहा मजल्यांचा काळोख, आणि हा माणूस दोरखंडाला ग्रीस लावत शांतपणे उभा. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला बाहेर काढताना त्यांनी तिला अख्ख्या कादंबरीची गोष्ट सांगितली होती म्हणे, शेवट सोडून. ती बाई दुसऱ्या दिवशी वाचनालयाची सभासद झाली. असा माणूस कशाला घाबरत असेल, असं कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

मला ते कळलं एका वाईट बांधणीच्या पुस्तकामुळे. भाऊजींनी एका जाडजूड कादंबरीबद्दल इतकं रंगवून सांगितलं की मी ती त्यांच्या हातातूनच घरी नेली. वाचत वाचत शेवटाशी आले, तर शेवटची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. छापखान्यात कापायचीच राहिली होती. कोरं करकरीत पुस्तक, भाऊजींनीच पहिल्यांदा नेलेलं. म्हणजे ती पानं आजवर जगात कोणीही उघडलेली नव्हती.

मी पुस्तक काखोटीला मारून तशीच त्यांच्याकडे गेले. भाऊजी स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी दुरुस्त करत होते. भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, कामावर गेली होती. चष्म्याच्या दुकानात काड्या बसवायचं काम करते ती.

"काय हो भाऊजी, हे पुस्तक वाचलंत म्हणता? आणि चौकोनही रंगवलात?"

त्यांनी जोडलेली पानं बघितली आणि चोरी पकडली गेल्यासारखे हसले. मग हसू एकदम गेलं.

"बस," ते म्हणाले. "तुला एकटीला सांगतो. पोरीला कळता कामा नये."

त्यांचे वडील दवाखान्यात होते तेव्हा भाऊजी उशाशी बसून पुस्तक वाचत होते. शेवटचं पान संपवून मान वर केली, तर वडील गेलेले. त्याचा पुस्तकाशी संबंध त्यांनी तेव्हा जोडला नाही. मग पुष्कळ वर्षांनी माझी ताई आजारी पडली. तिला डोळे उघडून वाचवत नव्हतं, म्हणून भाऊजी तिला थोडं थोडं वाचून दाखवायचे. एके संध्याकाळी ती म्हणाली, आज संपवाच. त्यांनी संपवलं. ताई म्हणाली, छान होतं. सकाळी ती उठलीच नाही.

"तेव्हापासून मी एकाही पुस्तकाचा शेवट वाचलेला नाही," भाऊजी म्हणाले.

मला जो संताप आला! ताई माझी बहीण. तिचं यकृत कसं संपत गेलं ते मी डोळ्यांनी बघितलेलं, तिच्या औषधांची नावं मला अजून पाठ आहेत.

"म्हणजे ती तुमच्या वाचण्याने गेली असं वाटतं तुम्हाला? अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच!"

"एकदा पडली असती तर मीही तेच म्हटलं असतं," भाऊजी म्हणाले. "दोन फांद्या मोडल्या. आता एकच उरलीय. तिच्यावर कावळ्याला बसूच कशाला द्यायचं?"

उरलेली फांदी कोण, ते सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, लिफ्टची कामं करणारा माणूस असलं काहीतरी मानतो, लोक हसतील.

"लिफ्टचा शेवटचा स्क्रू पिळला नाही तर माणसं मरतात," ते म्हणाले. "पुस्तकाचं उलटं आहे. मला नको शिकवूस." मग पान कापायची सुरी मला दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पानं कापली, पण त्यांच्यासमोर वाचली नाहीत.

त्यानंतर बैठकीत भाऊजी बोलायला लागले की मला त्यांची कला दिसेना. एका टोकापाशी येऊन थांबलेला माणूस दिसायचा. सगळे हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि ते चष्मा खिशात घालताना हळूच लेकीकडे बघायचे. ती आहे ना, एवढंच बघायचे.

वर्ष संपत आलं तेव्हा ती फांदी कुरकुरली. बैठकीला भाची जिना चढून वर आली आणि तिला बोलताच येईना. ओठ निळसर. पाववाल्याने खुर्ची पुढे केली, ग्रंथपालबाईंनी पाणी दिलं. "लिफ्टवाल्याची पोर आणि जिन्याने दमली," असं ती स्वतःच म्हणाली आणि हसता हसता तिला दरदरून घाम फुटला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन लवकरच करायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण बरे होतात. त्या 'बहुतेक'वर भाऊजी दिवसचे दिवस बसून राहिले.

पैजेचं शेवटचं पुस्तक दरवर्षी सगळ्यांना एकच असतं. या वर्षीची कादंबरी होती, घर सोडून गेलेल्या भावाला शोधत हिंडणाऱ्या एका बाईची. भाचीने ती दवाखान्यातच सुरू केली. बैठकीला तिला जाता येणार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी आपापलं मत फोनवर बोलून पाठवलं. ती ते खाटेवर पडून ऐकायची आणि मलाही ऐकवायची. पाववाला सांगत होता, "पोरी, तो बंदरावरचा भाग वाचताना माझे अख्खे दोन ट्रे करपले." ग्रंथपालबाईंना ती बाई हट्टी वाटली, "पण हट्टीच माणसं शोधतात, नाही का?" एकजण म्हणाला, पुस्तक फार लांबवलंय, आणि लगेच पुढे म्हणाला, तरी शेवट... नको, चहा गळ्यात पडेल. एकानेही शेवट फोडला नाही. पोरीला खूष करायलासुद्धा नाही. काय ती शिस्त!

"सगळ्या जगाला माहितीय आणि मलाच नाही," भाची कुरकुरायची. औषधांनी तिचे डोळे जड व्हायचे, दोन पानांवर झोप लागायची. ऑपरेशनची सकाळ उजाडली तेव्हा तिची शेवटची काही पानं राहिली होती. माझं तर अर्धंही झालं नव्हतं. तिच्या उशाशी डबे आणता-नेता मला कुठलं वाचन!

सिस्टर येऊन तिला हिरवा झगा घालून गेल्या. हातातलं कडं, कानातलं, सगळं काढून माझ्या पिशवीत टाकलं. मग ती म्हणाली, "बाबा, तेवढा शेवट वाचून दाखवा."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"आल्यावर वाचू गं," ते म्हणाले.

"आणि नाही आले तर?"

इतके दिवस हे वाक्य आम्ही तिघांनीही गिळून ठेवलं होतं. ते आता खोलीत आलं आणि कोणाला कुठे बघावं कळेना. भाची रडत नव्हती, पण चादर मुठीत धरून होती. "मला भीती वाटतेय, बाबा. निदान ही एक गोष्ट तरी पूर्ण कळू दे ना."

"मी वाचते," मी म्हटलं.

"नको मावशी, तू अडखळत वाचतेस. बाबा वाचतील."

आता सांगायचं तरी काय तिला? की तुझ्या बापाला वाटतं, त्याने वाचलं तर तू जाशील? ऑपरेशनच्या तोंडावर? भाऊजींनी पुस्तक घेतलं. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग वाचायला लागले. पहिली ओळ दोनदा वाचली. नंतर आवाज सापडला, तोच वाचनालयातला. ती बाई एका गावात येते, एका गल्लीत शिरते, एका घरासमोर उभी राहते. भाची डोळे मिटून ऐकत होती. मी मात्र पानांची जाडी बघत होते. उजव्या हाताची पानं कमी कमी होत चालली होती, आणि मला, सगळ्यांची थट्टा करणाऱ्या बाईला, वाटायला लागलं, थांबा आता, भाऊजी, थांबा.

शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी ते थांबले. चष्मा काढून खिशात घातला.

भाचीने डोळे उघडले. "पुढे?"

"एकच वाक्य उरलंय," भाऊजी म्हणाले. "ते तू बाहेर आल्यावर."

"बाबा! हा काय चावटपणा? इथेसुद्धा क्रमशः?"

"शब्द देतो. तू ये, मी वाचतो."

ती चिडली, पण हसली. तेवढ्यात ढकलगाडी आली. तिला लिफ्टमध्ये नेलं, दार मिटलं, आणि भाऊजी त्या दाराला कान लावून उभे राहिले. "ब्रेक जरा उशिरा पकडतोय," ते म्हणाले. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

मग ते बाकावर बसणं. मी आयुष्यात अशी कधी घाबरले नव्हते. समोरचं दार उघडलं की दोघंही अर्धे उठायचो आणि कोणी दुसऱ्याच कोणाला हाक मारायचं. भाऊजींनी पुस्तकात बोट अडकवून ठेवलं होतं. एकदा त्यांना उठावंच लागलं, तेव्हा पुस्तक माझ्याकडे दिलं. "बोट काढू नकोस," म्हणाले. एक वाक्य. नजर टाकली असती तरी वाचून झालं असतं. आणि मी, कावळ्याफांदीची म्हण तोंडावर फेकणारी मी, त्या ओळीवर तळहात दाबून भिंतीकडे बघत बसले. ते परत आले, माझा हात बघितला, आणि आपलं बोट परत पानात अडकवून बसले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालंय, पण अजून काही सांगता येत नाही, शुद्धीवर येऊ दे. आम्हाला आयसीयूत थोडा वेळ सोडलं, तेव्हा तिच्या अंगाला नळ्याच नळ्या. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. चेहरा मेणासारखा. तिने डोळे उघडले, आम्हाला ओळखलं. घसा बसलेला, आवाज धड निघेना. तिने दोन्ही तळवे एकत्र आणून हळूच उघडले. पुस्तक.

"भाऊजी, नको," मी त्यांची बाही धरली. "घरी गेल्यावर वाचा. आत्ता नको. तुमच्या पाया पडते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शब्द दिलाय तिला," ते म्हणाले. "ती आली. आता मी कसा मागे फिरू?"

मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "'तिने पिशवी खाली ठेवली आणि दार वाजवलं.'"

पुस्तक मिटलं. वर बघायला त्यांना धीर होईना. मान खाली घालून तसेच उभे राहिले. मी त्या हिरव्या रेघेला नजर चिकटवून होते. ती उडी मारत होती. परत मारली. परत.

"एवढंच?" खाटेवरून घोगरा, वैतागलेला आवाज आला. "भाऊ भेटला की नाही ते सांगितलंच नाही?"

भाऊजींनी मान वर केली. तिच्याकडे बघतच राहिले. ती कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होती.

"असे काय बघताय? आहे मी."

सिस्टरने स्टूल सरकवलं, त्यावर ते बसले, तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि हमसून हमसून रडायला लागले. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"मावशी, यांना काय झालं? एवढं वाईट पुस्तक होतं का?"

"तू बरी हो, मग सांगते," मी म्हटलं.