विषुववृत्तापुरती जागा

"याचा मतलब काय, बाई?" हे विचारल्याशिवाय पेंटरचाचा ब्रश रंगात बुडवत नसत. पाटोद्याच्या बाजारात गेला असाल तर त्यांचं अक्षर तुम्हीही पाहिलंय. निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात 'निर्भीड' लिहायचं होतं. अर्थ ऐकला आणि त्यांनी अक्षरं ठरल्यापेक्षा वीतभर मोठी काढली. "न भिनारा मानूस बारका कसा काढू?" म्हणाले.

मग पृथ्वी काढली. मधोमध लाल रेघ ओढून माझ्याकडे वळले. "विषुववृत्त. याचा मतलब?"

"काल्पनिक रेषा. खरी नसते ती."

"ते रेघेचं झालं. मी शब्दाचं इचारतो. आमच्या उर्दू शाळेत हिला खत्ते-इस्तिवा म्हनायचे. इस्तिवा म्हंजी बराबर होनं. तुमच्या शब्दात काय हाय?"

भूगोल शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली होती. अर्थ माहीत नव्हता आणि तसं कबूल करायला जीभ रेटेना. "उद्या सांगते," म्हटलं. त्यांनी पेन्सिलीने पाच अक्षरांची जागा आखली, ती कोरीच ठेवली आणि सामान आवरलं. "तुमी सांगा, मंग येतो."

पुढे बाजारात दिसले की हाक यायची, "गावला का अर्थ, बाई?" मी भाजीच्या गाड्याआड व्हायची. शब्दकोश शाळेच्याच कपाटात होता. नुसता आळस, आणि एका रंगाऱ्याने आपल्याला अडवलं याचा थोडा राग. आज लिहिताना लाज वाटते.

दोन वर्षांनी एकदाचा कोश उघडला. विषु म्हणजे दोन्हीकडे सारखं. सूर्य त्या रेषेवर येतो तेव्हा दिवस-रात्र समान होतात, ते विषुव. म्हणजे चाचांचं 'बराबर'च की! इतका आनंद झाला की तिथूनच फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला.

"अब्बा गेले, बाई. महिना झाला. काई काम होतं का?"

"एक सांगायचं राहिलं होतं," एवढंच मला बोलता आलं. तो अर्थ ऐकून चाचा कसे हसले असते, हे अजून डोळ्यांपुढे येतं. फार आठवण येते त्यांची.

यंदा भिंती रंगवायला नवा रंगारी आला. पेन्सिलीच्या खुणा पुसट दिसत होत्या. "इथं काय लिहू?" त्याने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं. मी शब्द सांगितला. मग अर्थ सांगितला, दोन्ही भाषांतला, सावकाश. तो त्याने विचारलाच नव्हता.