डोळ्यांवरचं कापड

बाहेरून बोलावलेल्या त्या नामांकित सर्जनने पेशंटच्या डोळ्यांवर हिरवं कापड ओढलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. नाकातून दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करताना आम्ही कान-नाक-घशाचे डॉक्टर पेशंटचे मिटलेले डोळे कापडाबाहेर ठेवतो. शंका आली की बाहेरून डोळा हलकेच दाबायचा. स्क्रीनवर आतली भिंत हलली, तर तिच्यामागे डोळा आहे, तिथे थांबायचं. त्या भिंतीचं हाड कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असतं.

"मॅडम, ऑपरेशन नाकाचं आहे. मला सगळं पाठ आहे," तो हसला.

पाठ कसलं? प्रत्येकाचं नाक आतून वेगळं. मी कापड ओढून काढलं. असली माणसं मला घरीदारी भेटतात. समोरच्याची भिंत किती पातळ आहे हे न बघता तोंड चालवतात, आणि वर त्याला अनुभव म्हणतात. मला त्यांची किळस येते.

"ही सायनसमधलीच भिंत, काढतो," म्हणत त्याने चिमटा उघडला. मी डोळा दाबला. भिंत हलली. चिमटा मुकाट्याने मागे आला.

बाहेर पेशंटच्या बायकोला तो म्हणाला, "किरकोळ होतं हो."

माझ्या बोटाला अजून तो डोळा जाणवत होता.