अर्ध्या मिनिटाची नदी

त्या नदीचा फोटो काढायचा म्हणजे आधी नाकाला रुमाल बांधायचा. फोटोवाल्याने ट्रायपॉडचे पाय काठावरच्या काळ्या चिखलात रोवले तेव्हा खालून बुडबुडे आले आणि सकाळचा चहा त्याच्या घशाशी आला. पाण्यावर कारखान्यांचा फेस, फेसात चपला, पिशव्या आणि एक फुगलेलं कुत्रं. पण काठावर घरं बांधणाऱ्या बिल्डरला जाहिरातीसाठी निसर्गरम्य नदी हवी होती, आणि पोटाला नाक नसतं.

गडी कामात पक्का. रुंद लेन्स लावली तर सांडपाण्याचा नळ फोटोत येणार, म्हणून त्याने लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून नुसतं वळण आणि पलीकडची झाडं घेतली. पुढे काळं फिल्टर बसवलं आणि शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं. एवढ्या वेळात वाहती घाण फोटोत कुठेच टिकत नाही. फेसाचं धुकं झालं, गटाराचं दूध झालं, कुत्रं तर नाहीसंच झालं. घरी येऊन त्याने ट्रायपॉडचे पाय साबणाने घासले, तरी वास जाईना. पँट बायकोने धुतली, नाक मुरडत.

मग एक दिवस ताई आली. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलेलं, आणि ट्रायपॉडच्या तीन काड्या खांद्यावर टाकून उंडारतो म्हणून जन्मभर बोल लावलेले. तिच्या हातात बिल्डरचं माहितीपत्रक होतं, वर त्याने काढलेली नदी आणि खाली त्याचं नाव. जुनं घर विकून ती नदीकाठी घर घेणार होती, उद्या सही. गुडघे दुखतात म्हणून जागेवर गेली नव्हती. बिल्डरच्या शहरातल्या गार ऑफिसात बसून फोटो बघितला होता तेवढा.

"उगाच बोलत आले तुला," ती म्हणाली. "काय हात आहे रे तुझा. खिडकी उघडली की हे दिसणार मला."

स्वयंपाकघरात बायकोने त्याला बजावलं, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना. सांगतो म्हणाला आणि बाहेर येऊन मूग गिळून बसला. उभ्या आयुष्यात ताईच्या तोंडून पहिला चांगला शब्द निघाला होता, तो याला गमवायचा नव्हता. थू असल्या कौतुकावर! ताईने दुसऱ्या दिवशी सही केली.

ती राहायला गेल्यावर त्याने बरेच दिवस सबबी सांगितल्या. शेवटी गेला, तो जिन्यापासूनच नाकाला रुमाल लावून. बैठकीची खिडकी घट्ट बंद होती, फटींत चिंध्या कोंबलेल्या. खिडकीवर त्यानेच काढलेला नदीचा फोटो, चांगल्या फ्रेममध्ये.

"खिडकी उघडवत नाही," ताई म्हणाली. "म्हटलं, निदान तुझी नदी तरी बघावी."

त्याने घाईघाईने रुमाल खिशात घातला. ताईने ते पाहिलं. तिने त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "फोटो काढताना तुला सर्दी झाली होती का रे?"

"हो," तो म्हणाला.