सिद्धूची अर्धी टाकी

बसूचा फोन आला तेव्हा मी दुकानात लोखंडी गेट जोडत होतो. "दादा गेला," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "टाकी ना?" पलीकडून नुसतं रडणं… मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सिद्धू माझा शाळेपासूनचा दोस्त, बसू त्याचा धाकटा भाऊ. सिद्धूचा धंदा सोलर पॅनेलं धुवायचा. त्यासाठी व्हॅनच्या मागच्या सीटा काढून पाचशे लिटरची टाकी बसवलेली. आणि बांधली कशानं? नायलॉनच्या दोरीनं, ड्रायव्हरच्या सीटला! व्हॅनच्या पूजेला नारळ फोडला, लिंबू-मिरची लावली, झेंडूचा हार तर तारेनं असा आवळला की वाऱ्याला हलू नये. टाकीला मात्र दोरी. पाठीमागं मोकळी म्हैस उभी करून गाडी हाकण्यातलाच प्रकार. मी सोलापूरभर लोकांची ग्रिलं जोडतो. त्याला म्हणायचो, "अरे, तळाला चार कड्या जोडतो, टाकीपुढं आडवा अँगल टाकतो, वरनं पट्टे आवळ." तो मिशीत हसायचा. "लई शिकवू नगं. माझी गाठ हाय ती. हत्ती बांध, सुटायची न्हाय." काय ती ऐट!

त्यात आणखी एक शहाणपणा. उरलेलं पाणी कधी ओतायचा नाही, अर्धी टाकी तशीच घरी आणायचा. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी वाईट, ब्रेक मारला की आतलं पाणी एकदम पुढं धावतं, हे सांगून माझी जीभ झिजली. पण गडी मूळचा दुष्काळी सांगोल्याकडचा. पाणी मातीत सोडायला हात धजायचा नाही. "पाप लागंल की," म्हणायचा. तिकडूनच काम उरकून अर्ध्या टाकीनिशी परतताना शेळी आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला. शेळी वाचली. त्याची गाठही सुटली नाही. सीटच उखडली आणि टाकी सीटसकट त्याच्यावर आली.

मातीला जमलेले तर त्याच्याहून थोर. "वेळ आली होती हो…" वेळ कसली डोंबलाची? टाकी आली होती! हीच माणसं रोज त्या व्हॅनला टेकून चहा प्यायची. एकानं कधी आत डोकावून बघितलं नाही. सिद्धूची आठवण मला रोज येते, आणि रोज आधी शिवीच तोंडात येते.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. दुरुस्त झालेली व्हॅन दारात, बसू नुकताच कामावरून आलेला. आत नवी टाकी, अर्धी भरलेली, सीटला दोरीनं बांधलेली. "दादा असंच बांधायचा की," बसू अभिमानानं म्हणाला. मी तोंड उघडणार तोच सिद्धूची बायको, महानंदा वहिनी, घरातून आल्या आणि सरळ टाकीचा कॉक उघडून उभ्या राहिल्या. पाणी धो धो गल्लीत वाहायला लागलं. नळ कधी येणार याचा पत्ता नसलेली ती गल्ली! बायका बादल्या घेऊन धावल्या. "अगं महानंदा, पाणी! याड लागलं का तुला?" एवढा कळवळा सिद्धूसाठी कुणाला आला नव्हता.

बसू कॉक बंद करायला पुढं झाला. वहिनींनी त्याचा हात झटकला.

"वाहू दे. लागंल ते पाप मला लागंल. तू जित्ता घरी यायला पायजेस."